वरचा एक दाता

नागावात हल्ली पाहुण्यांना राहायला खोल्या देणारी घरे बरीच झाली आहेत. त्यातल्या एका घराच्या अंगणात एक लाकडी चाक भिंतीला टेकवून ठेवले आहे आणि त्याला फुलांच्या कुंड्या अडकवल्या आहेत. मुंबईची मंडळी त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात आणि एकमेकांना सांगतात, बैलगाडीचं चाक आहे. मी रोज सकाळी त्याच रस्त्याने फिरायला जातो. एकदा मात्र राहवले नाही. थांबलो आणि म्हटले, अहो बाई, बैलगाडीच्या चाकाला दाते कशाला असतील? रहाटाचं चाक आहे ते, आणि ह्या हातांनी केलेलं आहे. बाई 'वा, काका' म्हणाल्या आणि मलाच चाकाशेजारी उभे करून त्यांनी फोटो काढला. कुंड्यांबरोबर मीही शोभेला लागलो.

म्हणून ह्या दिवाळी अंकासाठी 'तुमच्या धंद्यावर काहीतरी लिहा' असे सांगणे आले तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. आमच्याकडचे नारळी-पोफळीचे वाडीवाले एकेकाळी रहाटावर जगत होते, आणि रहाट आम्हा सुतारांवर. आता दोन्ही नाहीत. मी तेवढा आहे.

रहाट म्हणजे काय ते आधी सांगतो. विहिरीवर एक मोठे उभे चाक, त्यावरून खाली पाण्यापर्यंत सोडलेली लोट्यांची माळ. चाक फिरले की भरलेले लोटे वर येतात, पन्हळीत ओततात, आणि पाणी पाटाने नारळी-पोफळींच्या मुळाशी जाते. चाक फिरवतो रेडा. पण रेडा फिरतो गोल गोल जमिनीवर, आणि माळेचे चाक फिरायला हवे उभे. त्यासाठी आणखी दोन चाके लागतात, दात्यांची. रेड्याच्या जोखडाला बांधलेले मोठे आडवे चाक, आणि त्याच्या दात्यांत दाते अडकवून फिरणारे, माळेच्या चाकाच्याच आसावर बसवलेले लहान उभे चाक. ही दोन चाके जमली तर रहाट जमला. बाकी सगळी हमाली.

गिऱ्हाइके एकेक नमुनेदार. नागावात एक नाना होते. त्यांचा रहाट मी इतका गुळगुळीत करून दिला की तो वाजेनाच. तिसऱ्या दिवशी नाना दारात. म्हणाले, "दामू, तुझा रहाट बोलत नाही रे. मी घरात जेवायला बसलो की मला कसं कळणार रेडा चालतोय की झोपलाय?" रहाटाची करकर ऐकतच माणसे जेवत. ती थांबली की घरातूनच रेड्याला शिवी हासडत. मग मी आसाच्या बुडाचे तेल पुसून काढले आणि नानांचा रहाट बोलका करून दिला. हेही मिस्त्रीचेच काम.

आमच्या बाबांना, भिकूमिस्त्रींना, पंचक्रोशीत मान होता तो एका गोष्टीसाठी. त्यांच्या चाकांचे दाते मोडत नसत. झिजत, पंधरा-वीस वर्षांनी सगळे बदलायला येत, पण मधेच एखादा मोडला असे क्वचित. त्यांची पद्धत अशी की लहान चाकाला सोळा दाते असले तर मोठ्याला बत्तीस न देता तेहतीस द्यायचे. वरचा एक शकुनाचा. आहेर करताना आपण पन्नासावर एक ठेवतो ना, तसा. मी विचारले की म्हणायचे, "शकुन हाय तो. असू दे."

मी पडलो सातवी पास. सुतारांत सातवी पास म्हणजे त्या काळी मोठीच गोष्ट. स्वातंत्र्य नुकतेच मिळालेले, अंगात वारे शिरलेले, आणि शकुन-बिकुन म्हटले की माझ्या कपाळाला आठी पडे. शिवाय तेहतीस भाग पाडणे किती त्रासाचे, हे ज्याने चाक आखले आहे त्यालाच कळेल. बत्तीस सोपे. दोरी चाकाभोवती गुंडाळायची, दुमडायची, पुन्हा दुमडायची. पाच वेळा दुमडली की बत्तीस. तेहतीसाला दोरी दुमडून चालत नाही. बाबा माडाच्या झावळीचा एक हीर, पातीच्या मधली काडी, तोडून घेत आणि त्याने चाकाच्या कडेवर पावले टाकीत जात. शेवटी उरले की हीर जरा लांब घ्यायचा, कमी पडले की जरा आखूड. अर्धा दिवस ह्यात जाई.

पुढे बाबांचा उजवा हात थरथरायला लागला आणि काम माझ्यावर आले. माझ्या एकट्याच्या हातचा पहिला रहाट होता चौलच्या हमीदाचाचीचा.

हमीदाचाचीचा नवरा गलबतावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या, होता. गलबत मलबारकडे गेले ते परत आले नाही. पदरात दोन लहान मुले, आणि मागे एक पडीक वाडी. दीर म्हणत होते, वाडी विकू आणि तुम्ही आमच्यात येऊन राहा. दीर वाईट नव्हते. पण चाचीला कुणाच्या ओसरीवर जन्म काढायचा नव्हता. तिने पावसाळ्याच्या तोंडाशी पोफळीची सव्वाशे रोपे लावली आणि दिरांकडून एका उन्हाळ्याची मुदत मागून घेतली. रोपांनी पहिला उन्हाळा काढला तर वाडी राहील. नाही काढला तर दीर म्हणतील तसे. पोफळीचे रोप पाण्याचे मोठे लाडके. भर उन्हात चार दिवस पाणी चुकले तर शेंडा करपतो, आणि एकदा शेंडा गेला की रोप गेले.

हे सगळे ठाऊक असताना मी तिच्या मोठ्या चाकाला बत्तीस दाते केले, लहानाला सोळा. सोपे म्हणून केले हे खरे. पण मनात आणखी एक विचार आला होता आणि तो इथे लिहायला मला आजही लाज वाटते. शकुन आपल्यातला, म्हटले, मुसलमानाच्या रहाटाला कशाला हवा?

मार्गशीर्षात रहाट सुरू झाला. झकास चालला. फाल्गुनात निरोप आला, दोन दाते मोडले. दोन दाते मोडले की रहाटाचे काय होते ते सांगतो. चाकाची पकड सुटते, भरलेल्या लोट्यांच्या वजनाने माळ उलटी धावते, आणि निम्मे लोटे विहिरीच्या कडेवर आपटून फुटतात. मी गेलो, खैराचे दोन नवे दाते ठोकले, कुंभाराकडून लोटे आणून बांधले. लाकूड कच्चे निघाले असेल म्हणून परत आलो.

चैत्रात पुन्हा निरोप. पुन्हा दोन दाते, आणि तेच दोन. मोठ्या चाकावर अगदी समोरासमोर, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला.

मी चाकापाशी बसून होतो. चाची विहिरीच्या काठावर उभी होती. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "दामू, खरं सांग. भिकूमिस्त्रीचे रहाट मोडत नाहीत. माझाच का मोडतो?"

मी खाली बघत म्हटले, "चाची, बाबा एक दाता वर देतात. तुमच्याला मी नाही दिला."

"का?"

"शकुनाचा असतो तो. म्हटलं, तुमच्यात चालत नसेल."

"मला विचारलंस?"

मी मोडक्या दात्याची धूळ पुसत बसलो.

"माझ्या निकाहाला तुझ्या बापानं नारळ पाठवले होते," ती म्हणाली. "एकवीस. विसावर एक. तो वरचा मी काय परत पाठवला होता?" आणि पदराने तोंड पुसून ती कळशी घेऊन रोपांकडे गेली. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती दुखावली होती आणि ते माझ्यामुळे.

घरी आलो आणि बाबांना सगळे सांगितले, चाचीला काय बोललो ते धरून.  बाबा म्हणाले, "उद्या मला गाडीत घाल. रहाट ऐकायचाय."

दुसऱ्या दिवशी मी मोडके दाते तात्पुरते ठोकून रहाट रिकामाच फिरवला, लोट्यांवाचून. बाबा डोळे मिटून बसले. करकर, करकर, टक्. करकर, करकर, टक्. म्हणाले, "लहान चाकात एक दाता गाठीचा हाय. कडक लागलाय." मी पाहिले, खरेच होता. खैरात गाठ राहिली होती. "असा एखादा सगळ्याच चाकांत राहतो," बाबा म्हणाले. "लाकूड हाय, लोणी न्हाय. पण माझ्या चाकात ही टक् फिरती असते. तुझ्यात ती एकाच जागी घर करून बसलीय."

एकाच जागी म्हणताच माझ्या डोक्यात काहीतरी हलले. मी चाचीच्या मुलीची पाटी मागून घेतली आणि रोपांच्या सावलीला म्हणून लावलेल्या केळीखाली बसलो.

शाळेत आम्हाला मूळ अवयव शिकवले होते. संख्या फोडत जायची, फुटेनाशी झाली की थांबायचे. ओंडका फोडतात तसे. बत्तीस फोडले. दोन, दोन, दोन, दोन, दोन. पाच दुवे. सोळा फोडले. चार दुवे. दोघांत साधारण, म्हणजे सामाईक, काय? चारही दुवे, म्हणजे सोळा. ह्याला मुले आता मसावि म्हणतात, आमच्या वेळी दृढभाजक म्हणत. आणि दोघांनीही भाग जाईल अशी लहानात लहान संख्या कोणती? पाच दुवे, म्हणजे बत्तीसच. हा लसावि. म्हणजे बत्तीस दाते सरकले, रेड्याचा एक फेरा झाला, की सगळे पुन्हा पहिल्या जागेवर. गाठीचा दाता प्रत्येक फेऱ्यात त्याच दोघांना ठोकणार आणि बाकीच्या तिसांना कधी शिवणार नाही. ते दोघे समोरासमोर, सोळा घरांच्या अंतरावर. माझ्यापुढे मोडून पडले होते तेच.

मग बाबांचे तेहतीस फोडले. तीन आणि अकरा. सोळात तीन नाही, अकरा नाही. साधारण काहीच नाही, नुसता एक. म्हणजे लहान चाकातला प्रत्येक दाता मोठ्या चाकातल्या प्रत्येकाला भेटणार. गाठीचा दाता सगळ्यांना थोडा थोडा लागणार आणि एकट्याचा जीव घेणार नाही. सोळाने ज्याला भाग जातो अशा कुठल्याही संख्येत एक मिळवा, सोळाचा कुठलाच अवयव तिला लागणार नाही, कारण एक उरणारच. बाबांचा शकुन कधी चुकूच शकत नव्हता.

मी पाटी घेऊन बाबांसमोर गेलो आणि एका दमात सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाले, "व्हय. सगळ्यांची सगळ्यांशी ओळख झाली पाहिजे. माझा बाप हेच सांगायचा."

मी चाट पडलो. "मग मला शकुन शकुन काय सांगत होतात?"

"कारण सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास. शकुनाशी कुणी वाद घालत न्हाय." आणि म्हणाले, "तू त्याच्याशीही घातलास."

कारण कळले, पण चैत्र काही थांबणार नव्हता. मोठ्या चाकाची कडच बत्तीस भोकांची. तेहतिसावे भोक पाडायला जागा नाही. बाबा म्हणाले, कड नवी करावी लागेल. नवी कड म्हणजे सागवान आणणे, चिरणे, कडेचे बाकदार तुकडे जोडणे, पंधरा दिवसांचे काम. पंधरा दिवसांत सव्वाशे रोपांची काडी झाली असती. दीर त्याच सकाळी येऊन रोपे पाहून गेले होते. एका रोपाचा शेंडा बोटांनी चाचपून पाहिला होता, आणि चाची ते पाहत होती.

मी पुन्हा पाटीकडे पाहिले. बत्तीसात दुव्यांशिवाय दुसरे काहीच नव्हते. म्हणजे लहान चाकाला ज्यात दोन नाहीत अशी कुठलीही संख्या दिली की झाले. मोठे चाक तसेच राहू दे. लहान चाकच नवे करायचे, सतरा दात्यांचे. सतरा तर फुटतच नाही, मूळ संख्या. लसावि बत्तीस गुणिले सतरा. रेड्याचे सतरा फेरे होतील तेव्हा कुठे तोच दाता त्याच दात्याला पुन्हा भेटेल. आस बोटभर वर उचलावा लागेल, बस्. चार दिवसांचे काम.

बाबांनी नाही म्हणून मान हलवली. "शकुन मोठ्या चाकाला असतो. लहानाला कुणी दिला न्हाय."

"बाबा, दात्यांना काय कळतंय वरचा एक कुठल्या चाकात आहे ते? साधारण अवयव नसला म्हणजे झालं." मग हिशेब दाखवायच्या भरात मी म्हटले, "पंधरासुद्धा चालतील. तीन आणि पाच. दोन नाहीत. लाकूडही कमी लागेल."

"पंधरा न्हाय," बाबा एकदम कडक आवाजात म्हणाले. "तिचा एक आपण आधीच खाल्लाय. आता आणखी एक काढायचा न्हाय. सतरा कर."

ते चार दिवस मी विसरणार नाही. सकाळी दोन तास मी आणि चाची पोहऱ्याने पाणी शेंदून रोपांना घालायचो. प्रत्येक रोपाला कळशीभरही मिळत नव्हते, शेंडा जगेल एवढेच. पहिल्या दिवशी चाची माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या तळहातांना फोड आलेले पाहून तिने खोबरेल आणून दिले, न बोलताच. उरलेला दिवस मी चाक करायचो. सतरा भाग पाडायला दोरी उपयोगाची नव्हती. मी माडाचा हीर तोडला आणि बाबांसारखी पावले टाकली. बाबा बाजूला बसून नुसते बघत होते.

सोळा दाते मी तासले. सतरावा बाबांनी मागून घेतला. खैराचा एक तांबूस तुकडा त्यांनी वर्षानुवर्षे जपून ठेवला होता, तो आणला होता बरोबर. हात थरथरत होता, तासणी कुठे खोल जात होती, कुठे वरवर. बुडाशी सगळ्या खुणा उठल्या. मी घेऊ का म्हटले तर म्हणाले, बस गप.

चौथ्या दिवशी चाक चढले. सोळा दाते बसवून झाल्यावर बाबांनी सतरावा भोकात धरला आणि ठोकायची लाकडी मोगरी चाचीच्या हातात दिली. "हमीदा, हा तुझा हाय. घाव तू घाल."

चाची आधी बाबांकडे, मग माझ्याकडे बघायला लागली. मग तिने मोगरी उचलली आणि तीन घाव घातले. दाता बसला. रेडा चालू लागला, माळ वर आली, पन्हळीत पाणी पडले. बाबांनी डोळे मिटून ऐकले. टक् होती, पण दर फेऱ्याला तिची जागा बदलत होती. चाची पाटाच्या कडेने पाण्याबरोबर चालत पहिल्या रोपापर्यंत गेली आणि तिथेच खाली बसली. तिच्या डोळ्यांना पाणी आले होते. माझ्याही आले. सांगायला कसली लाज?

सव्वाशेपैकी एकशे एकोणीस रोपे जगली. पावसाळ्यात दीर आले, वाडीत एक फेरी मारली आणि म्हणाले, "भाभी, कुंपण आम्ही घालून देतो." विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पोफळ धरायला सात-आठ वर्षे लागतात. पहिले पीक आले त्या साली शिमग्याच्या आधी चाचीकडून एक पुरचुंडी आली. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळलेले. त्यांनी सुपाऱ्या चादरीवर ओतून मोजल्या. सतरा. पुन्हा मोजल्या आणि हसले. त्यानंतर दर वर्षी पुरचुंडी येत राहिली. बाबा गेले, तरी आली. दर वर्षी सतरा.

मग वीज आली. वाडीवाल्यांनी एकामागून एक पंप बसवले, आणि आम्ही रहाटवाले दारे-खिडक्या करायला लागलो. बटण दाबले की पाणी. कोण रेडा पोसतो? मीही त्यांच्या जागी असतो तर पंपच बसवला असता, पण म्हणून काही वाईट वाटायचे राहत नाही. चाचीने मात्र पंप घेण्याआधी चौलहून नागावला येऊन मला विचारले. "दामू, गुडघे राहिले नाहीत. रेड्यामागे होत नाही. पंप बसवू?"

"चाची, मला कसलं विचारता?"

"तुझ्या बापाचा रहाट आहे. मी विचारल्याशिवाय नाही काढणार."

मी बसवा म्हटले. आणखी काय म्हणणार होतो?

त्या वर्षी शिमगा जवळ आला तेव्हा बायकोला म्हणालो, यंदा पुरचुंडी येणार नाही. रहाटच नाही, तर सुपारी कशाची? पण आली. चाचीचा मुलगा स्वतः घेऊन आला. आता चांगला बाप्या झाला होता, मुंबईला गोदीत कामाला. मी ओट्यावर बसून मोजल्या. सोळा. पुन्हा मोजल्या. सोळाच.  चूक तिची नव्हती. सतरावा दाता गेला, त्याच्याबरोबर सतरावी सुपारी गेली, असे म्हणून मी पुरचुंडी बांधायला घेतली.

"थांबा, दामूकाका," तो म्हणाला आणि त्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले काहीतरी काढले. "हे अम्मीनं वेगळं दिलंय. तुमच्या हातातच द्यायला सांगितलंय. चाक मोडून सगळं सरपणात घातलं, पण हा एक ती शोधत बसली. सगळे इतके सारखे झिजलेले की ओळखू येईना. मग एकेकाचं बूड बोटांनी चाचपत बसली, आणि हा सापडला."

फडके सोडले. खैराचा तांबूस दाता. वरून झिजून गुळगुळीत झालेला, आणि बुडाशी, भोकात होता तेवढ्या भागावर, बाबांच्या थरथरत्या हाताच्या खुणा.

मी सोळा सुपाऱ्या ओट्यावर ओळीने मांडल्या, शेवटी तो दाता ठेवला आणि बायकोला हाक मारली. म्हटले, जरा मोज गं, मला दिसत नाहीये नीट. तिने बोट लावून मोजले आणि म्हणाली, सतरा आहेत.